फळ्यावरचे साडेदहा

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६ वाजून १० मिनिटे. फळा ओल्या फडक्याने पुसून वाळत ठेवला आहे. वाळायला अकरा मिनिटे लागतात, दमट हवेत चौदा. तेवढ्यात हे पत्र सुरू करतो.

दादा,

तुझे कार्ड शनिवारी मिळाले. आईने ते इतक्यांदा वाचून घेतले की मला पाठ झाले आहे. "मुलीला सुट्टी आहे. तिला समुद्र पाहायचा आहे. दीड-दोन दिवसांत पाहण्यासारखे काय आहे ते वेळांसकट कळव. लॉजवर उतरू, घरी येणार नाही." आणि पत्त्याशेजारच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात: "किल्ल्यावर जाणार नाही."

आई म्हणाली, "बघा, जन्मलेल्या गावाची माहिती मागवतोय. वाट विचारायला पोस्टाचा खर्च!" पण कार्ड तिने डब्यांच्या फळीवर उभे करून ठेवले आहे, येता-जाता दिसेल असे. बाबा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना सगळे ऐकू गेले असावे, कारण तेवढा वेळ ते खोकले नाहीत.

तर पाहण्यासारखे पुढीलप्रमाणे.

दीपगृह सकाळी साडेसातला उघडते. तेव्हाच जावे, नंतर वरच्या काचांमुळे भट्टी होते. पायऱ्या १३१. आठ वर्षांच्या मुलीला दोनदा बसावे लागेल. चव्वेचाळिसाव्या पायरीला खिडकी आहे, तिथे वारा येतो. तू मला खांद्यावर घेऊन चढायचास आणि पायऱ्या मोजायला लावायचास. सत्तरच्या पुढे मी चुकायचो. मग तू एक शब्द न बोलता खाली उतरायचास आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा. एका दिवशी आपण चार वेळा चढलो आणि एकदाही वर पोहोचलो नाही.

जुन्या जकात कचेरीत आता वस्तुसंग्रहालय आहे. एकच खोली. आपले भूगोलाचे मास्तर निवृत्तीनंतर ते सांभाळतात. ते खिडकीतून तिकीट देतात, मग मागच्या दाराने फिरून पुढे येतात आणि तेच तिकीट आपल्या हातातून घेऊन फाडतात. "नियम म्हणजे नियम," म्हणतात. आत नकाशे, नांगर, मोडक्या दुर्बिणी आणि काचेच्या पेटीत बुडालेल्या जहाजातला एक बूट आहे. मुलांना बूट फार आवडतो. दुसरा कुठे आहे, हे प्रत्येक मूल विचारते.

समुद्राच्या भिंतीवरची तोफ. दहाच्या आत जावे, नंतर तापते. तिच्यावरून घसरून घसरून पोरांनी तिला आरशासारखी करून ठेवली आहे. त्यात तुझ्या दोन विजारींचा वाटा आहे, असे आई अजून सांगते.

दोरवाल्यांची गल्ली. गल्ली इतकी सरळ का, हे मुलीला सांग: दोर वळायला लांबी लागते, म्हणून आधी दोर झाला आणि मग त्याच्या दोन्ही बाजूंना घरे. माझ्या पावलांनी २१२. आता एकच दोरवाला उरला आहे. तो अजून कमरेला ताग बांधून उलटा चालत दोर वळतो. त्याचे म्हणणे, "सगळं जग पुढे चालून उपाशी राहिलं, मी मागे चालून दोन पोरींची लग्नं केली."

दुपारी धक्क्यावर तळलेले मासे. संध्याकाळी धक्क्याच्या टोकाचा बाक, पावणेसातला सूर्य बुडतो, सव्वासहाला जागा धरावी.

किल्ल्याबद्दल तू लिहिलेच आहेस. ठीक आहे. फळा वाळला.

तुझा धाकटा


बुधवार, १२ मार्च. दुपारी ३ वाजून २५ मिनिटे. चौकीत आहे. वाट बंद झाली, शेवटचे दोन पाहुणे मोजून घेतले.

दादा,

आधी दुरुस्ती. मागील पत्रात दीपगृहाच्या पायऱ्या १३१ लिहिल्या होत्या. परवा पुन्हा जाऊन मोजल्या, १३२ आहेत. सर्वांत खालची वाळूखाली गेली आहे, ती पायाने उकरून पाहिली.

तुझे दुसरे कार्ड मिळाले. मुलीने शाळेच्या पुस्तकात आपल्या किल्ल्याचे चित्र पाहिले आणि आता "पाण्यात उभं असलेलं घर" बघायचा हट्ट धरला आहे, तू नाही म्हणालास, ती दोन दिवस फुगून बसली, हे सगळे आईला वाचून दाखवले. आई म्हणाली, "फुगू दे. कोणावर गेली ते कळतंय." तू विचारले आहेस की फळा आता कोण लिहिते. मी लिहितो. सहा वर्षे झाली. बाबांचे हात थरथरतात, त्यांचा खडू तीन आणि आठ सारखाच काढायला लागला होता. मी दहावीतून शाळा सोडली हे तुला कोणी कळवले होते का ते मला माहीत नाही.

काम तेच आहे. ओहोटीला किल्ल्याची दगडी वाट पाण्याबाहेर येते. ओहोटी पूर्ण झाल्याच्या वेळेआधी दीड तास आणि नंतर दीड तास, एवढीच ती चालण्याजोगी असते. सरकारी पुस्तकात वेळ मोठ्या बंदराची छापलेली असते. आपल्याकडे पाणी खाडीच्या तोंडातून वळून येते म्हणून चाळीस मिनिटे मिळवून फळ्यावर लिहायची. तू मला हे शिंपल्यांनी शिकवले होतेस, दहा-दहाचे चार ढीग करून. मी अजून बेरीज करताना मनात शिंपलेच मांडतो.

माझी पद्धत अशी: सकाळी पुस्तक पाहून बेरीज करतो. मग पुस्तक मिटून बाहेर चक्कर मारतो. परत येऊन पुन्हा करतो. दोन्ही जुळल्या की तिसऱ्यांदा बाबांना विचारतो. लॉजवाला मला मिनिटराव म्हणतो. "मिनिटराव, लग्नाचा मुहूर्त काढाल तेव्हा त्यातही चाळीस मिळवा, नाहीतर नवरी निघून जाईल," असे चारचौघांत म्हणाला. हसले सगळे. मीही हसलो.

एवढी काळजी का घेतो, ते तुला सांगायला नको. त्या नोव्हेंबरच्या बावीस तारखेला ओहोटी ९:५० ला होती आणि फळ्यावर १०:३० होते. म्हणजे ११:२० ला बंद होणारी वाट फळ्याप्रमाणे बारापर्यंत उघडी. नऊ माणसे किल्ल्यात होती. पावणेबाराला ती निघाली तेव्हा वाटेच्या मधोमध मांडीएवढे पाणी होते. सातजण माघारी फिरले. ते चष्मेवाले गृहस्थ आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन पुढे आले. त्यांचा पाय दोन दगडांत अडकून मोडला. होडीवाल्या काकांनी दोघांना ओढून काढले. मुलीला खरचटलेही नाही. त्यांचा पाय मात्र वाकडाच राहिला.

बाबा त्या दिवशी बाहेरगावी होते आणि चौकी तुझ्याकडे होती. बंदर खात्याच्या परीक्षेचा अर्ज भरायला तुला सकाळची बस धरायची होती, म्हणून फळा मी लिहिला. हे तू कोणालाही सांगितले नाहीस. बाबांनी विचारले, "फळा कोणी लिहिला?" आणि तू म्हणालास, "मी." मी अकरा वर्षांचा होतो आणि तुझ्यामागे उभा होतो. तुझ्या सदऱ्याला पाठीवर खडूचा एक हात उमटला होता. माझा.

तुझा अर्ज नामंजूर झाला, बाबा तुला जे बोलले ते बोलले, आणि तू गेलास. फळ्यावर साडेदहा होते हे खरे आहे. त्याबद्दल एवढेच.

मुलीला तोफेचे सांगितलेस का? तिला म्हणावे जुनी विजार आण.

धाकटा


रविवार, २३ मार्च. सकाळी ११ वाजून ५ मिनिटे. घरी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. आई बाजारात गेली आहे. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे, पहिली दोन चुलीत घातली.

दादा,

वहिनींचे पत्र आले. ते आईला होते, पण वाचतो मीच, हे त्यांना माहीत नसावे. त्यांनी लिहिले आहे: "गोदामात यांना तिसऱ्यांदा वजनकाट्यावर बसायला सांगितलं. सावलीतलं काम, पगार दीडपट. हे पुन्हा नको म्हणाले. साहेबांना म्हणाले, मला आकडा धरत नाही, मी एकदा माणसं बुडवली असती. आणि पुन्हा पोती उचलायला गेले. आई, तुम्ही तरी सांगा, यांच्या पाठीचं काय होणार?"

आई म्हणाली, "आता मी काय सांगू? हिशेबात तर तो पहिल्यापासून तल्लख." मग पदराने पत्र पुसले, जसे काही त्यावर धूळ होती.

मागील पत्रात मी "त्याबद्दल एवढेच" लिहिले. ते एवढेच नव्हते.

त्या सकाळी तू मला झोपेतून उठवलेस आणि म्हणालास, "पुस्तकात लिहून ठेवलंय, बघून फळ्यावर उतरव." आणि बसकडे पळालास. मी पुस्तक उघडले. छापलेली वेळ ९:१०. तिच्या शेजारी पेन्सिलीने, बारीक, ९:५०. तुझी बेरीज बरोबर होती, दादा. नऊ दहा अधिक चाळीस, नऊ पन्नास. पुन्हा लिहितो: तुझी बेरीज बरोबर होती.

चूक अशी झाली. बाबा पुस्तकात कधीच बेरीज लिहीत नसत, ती ते डोक्यात करत. पेन्सिल पुस्तकाला लागायची ती एकाच कामासाठी: महिन्याला बंदर कचेरीतून छपाईच्या चुकांचा कागद यायचा, त्यातली दुरुस्ती बाबा छापील वेळेशेजारी पेन्सिलीने लिहायचे. मला वाटले हीसुद्धा तशीच दुरुस्ती आहे. कचेरीने ९:१० चे ९:५० केले आणि दादा बेरीज करायला विसरला. म्हणून मी तुझ्यावर उपकार केले. चाळीस मिळवले. साडेदहा. फरक बरोबर चाळीसचाच होता हे मला दिसायला हवे होते. नाही दिसले. उलट मी छाती काढून फळा लिहिला. शून्य इतके गोल काढले होते की दूधवाल्या बाई थांबून म्हणाल्या, "वा रे पोरा."

इथवरची चूक अकरा वर्षांच्या पोराची आहे. पुढचे तसे नाही.

किल्ल्याकडून ओरडा आला तेव्हा मी चौकीतच होतो. खिडकीतून पाहिले, पुस्तकाकडे पाहिले, आणि मला एका क्षणात सगळे कळले. बाहेर लोक होड्यांकडे धावत होते. मी दप्तरातले रबर काढले आणि तुझे ९:५० खोडले. हळू खोडले, कागद फाटू नये म्हणून. मग कण फुंकून टाकले.

संध्याकाळी मागच्या अंगणात हातपाय धुताना तू मला विचारलेस, "मी पुस्तकात लिहून ठेवलं होतं ना रे?"

मी म्हणालो, "नाही. तू तोंडी सांगितलंस."

"किती सांगितलं?"

"साडेदहा."

तू हातातला तांब्या तसाच धरून उभा राहिलास. "असं?" म्हणालास. "मला तर लिहिल्यासारखं आठवतंय." मग स्वतःशीच, "घाईत झालं असेल." आणि माझ्या डोक्यावर पाणी ओतलेस, नेहमीसारखे, कानामागे चोळून.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि स्वतःवरचा काढून घेतलास. गेली अकरा वर्षे तू पोती उचलतो आहेस ती त्या "असं?" पासून.

मला वाटायचे, मोठा झालो की सांगेन. मग वाटायचे, आता दादाचे लग्न झाले, सुखात असेल, कशाला जुनी मढी उकरायची. भित्र्याला कारणे कमी पडत नाहीत. फळा तीनदा तपासतो, याचे लोकांना कौतुक आहे. ते खोडलेले पान पाहायला मात्र मी कधी जुने पुस्तक उघडले नाही.

माफी मागायचा मला अधिकार आहे की नाही ते माहीत नाही, म्हणून या पत्रात मागत नाही. आधी बाबांना सांगतो.

धाकटा


शनिवार, ५ एप्रिल. सकाळी ६ वाजून ४० मिनिटे. फळा लिहून झाला. बाबांनी तपासला.

दादा,

तुझे उत्तर आले नाही. येणार नाही असे धरून लिहितो आहे.

बाबांना २६ तारखेला सांगितले. संध्याकाळ होती, ते बाकावर होते. मी उभा राहूनच सांगितले, बसायची हिंमत झाली नाही. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. संपल्यावर विचारले, "मी त्याला बोललो तेव्हा तू कुठे होतास?"

"त्याच्या मागे."

"काय बोललो ते ऐकलंस?"

"हो."

"सांग."

मला म्हणावे लागले. "तुला आकडा कळत नाही. तू माणसं बुडवशील. या चौकीत पुन्हा पाय ठेवू नकोस."

 बाबा म्हणाले, "मग अकरा वर्षं मी कोणावर रागावलो होतो रे?"

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आईला कळले तेव्हा तिने हातातले पीठ तसेच ठेवले, मला जवळ बोलावले आणि पाठीत एक धपाटा घातला. बाविसाव्या वर्षी. मग माझेच डोके मांडीवर घेऊन रडली. म्हणाली, "एवढासा होतास. आणि एवढं मोठं पोटात ठेवलंस. मेल्या, पोट आहे का पेटारा?"

तिसऱ्या दिवशी बाबा चौकीत आले. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याआधी. जुनी पुस्तके वरच्या फळीवर बांधून ठेवलेली असतात. त्यांनी त्या वर्षाचे पुस्तक काढायला लावले, ते पान उघडले आणि खिडकीशी नेऊन उजेडात तिरके धरले. पेन्सिल गेली होती. पण तू पेन्सिल दाबून लिहायचास, वहीच्या पुढच्या पानावर उमटायचे तुझे. बाबांनी कागदावरून नख फिरवले. "नऊ," म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "पन्नास. पोराचंच वळण आहे. पाचाला शेपटी."

मग म्हणाले, "हे पान त्याला पाठव."

"बाबा, सरकारी पुस्तक आहे."

"फाड म्हणतो ना."

माझा हात होईना. ज्या माणसाने पुस्तकाच्या कोपऱ्याला घडी पडली म्हणून मला उपाशी ठेवले होते, त्याने थरथरत्या हाताने ते पान स्वतः फाडले. वाकडे फाटले. सोबत जोडले आहे. उजेडात तिरके धर.

नगरपालिकेतही लेखी दिले. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "अहो, अकरा वर्षांच्या पोराची अकरा वर्षांपूर्वीची चूक मी आता कुठल्या फायलीत लावू?" म्हणाले. मी म्हणालो, ज्या फायलीत माझ्या भावाचे नाव आहे त्याच फायलीत. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि शिक्का मारला. फळा सध्या माझ्याकडेच आहे. चष्मेवाल्या गृहस्थांचा पत्ता त्या फायलीत मिळाला, त्यांनाही लिहिले आहे. त्यांचेही उत्तर नाही.

तू १८ तारखेला येणार होतास. लॉजवर दोन रात्रींचे पैसे भरून खोली ठेवली आहे, वरच्या मजल्यावरची, समुद्राकडची. येशील की नाही ते कळवले नाहीस तरी खोली राहील.

शनिवारी १९ तारखेला पुस्तकात ओहोटी ९:४५ आहे. पुढचे मी लिहीत नाही.

धाकटा


सोमवार, २१ एप्रिल. दुपारी ४ वाजता. चौकीत. वाट बंद.

दादा,

तुम्ही काल साडेनऊच्या बसने गेलात. तुझ्या लेकीने शाळेसाठी "आम्ही काय काय पाहिले" हे वेळांसकट मागितले आहे, म्हणून लिहितो. तिला हवे ते तिला वाचून दाखव. बाकीचे माझ्यासाठी आहे, कारण जे झाले ते लिहून ठेवल्याशिवाय माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

शुक्रवार, दुपारी १२:२०, बस आली. तू उतरलास आणि मी तुला ओळखले नाही. तुझी पाठ मी ताठ पाहिली होती. तिने मात्र मला ओळखले. "मिनिटकाका ना?" म्हणाली. हे तिला कोणी सांगितले? मी तर फक्त तुझ्या पत्रात लिहिले होते.

१:१५, मासे. तिने चार खाल्ले. तू माझ्याशी बोलला नाहीस. पाणी हवे का, एवढे विचारलेस.

३:००, वस्तुसंग्रहालय. मास्तरांनी तुला तिकीट दिले, फिरून आले, फाडले, आणि तुझे मनगट धरूनच ठेवले. "भूगोलात तुला पंच्याण्णव दिले होते मी," म्हणाले, "पाच हस्ताक्षराचे कापले. अजून तसाच लिहितोस का दाबून?" तू हसलास. पहिल्यांदा. मी बुटाच्या पेटीकडे बघत राहिलो. "दुसरा कुठे आहे?" तिने विचारलेच.

४:३०, तोफ. तिने सतरा वेळा घसरून घेतले. विजार फाटली. आईला सांगितले तर म्हणाली, "लागली वळणाला!"

५:३०, दोरवाल्यांची गल्ली. त्याने तिला उडी मारायचा दोर वळून दिला आणि तिला शेवटपर्यंत आपल्याबरोबर उलटे चालायला लावले.

रात्री तुम्ही लॉजवर गेलात. मी जिन्यापर्यंत आलो. तू वळून म्हणालास, "मला तुझा राग आहे." मी म्हणालो, "हो." "खूप आहे," म्हणालास. "कितीदा वाटलं, पत्र फाडून टाकावं. पण मग ते पान आलं." आणि वर गेलास.

शनिवार, सकाळी ५:५०. मी फळा पुसत होतो. तू चौकीच्या दारात उभा होतास, आत नव्हतास. किती वेळ ते माहीत नाही. बाबा आत स्टुलावर होते. ते तुझ्याकडे न बघता म्हणाले, "दार लाव, वारा येतोय." तू बाहेरून लावू की आतून, असा थबकलास. मग आत आलास आणि लावलेस.

बाबांनी पुस्तक तुझ्यापुढे सरकवले. "आज ओहोटी किती वाजता?"

"बाबा, राहू द्या."

"किती वाजता, विचारतोय."

तू पाहिलेस. तुझे ओठ हलत होते. "दहा पंचवीस."

"वाट?"

"आठ पंचावन्न ते अकरा पंचावन्न."

"बरोबर," बाबा म्हणाले. मग त्यांनी पुस्तक मिटले. पुन्हा म्हणाले, "बरोबर होतं तुझं." एवढेच. तू त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिलास. मग मला म्हणालास, "लिही आता. आणि मेहरबानी कर, वर काही मिळवू नकोस."

मी हसावे की रडावे ते न कळून खडू मोडला.

९:०५, दगडी वाट. तिचा एक हात तू धरला होतास, दुसरा मी. मधोमध तू थांबलास आणि खाली दगडांकडे पाहिलेस, जिथे त्या गृहस्थांचा पाय अडकला होता. तिने विचारले, "इथे काय आहे?" तू म्हणालास, "इथे तुझा काका आणि तुझे बाबा दोघं चुकले." मी तिला म्हणालो, तुझे बाबा नाहीत. तू म्हणालास, "बाबासुद्धा. विचारायचं सोडून मान्य करून टाकलं." मी अजून त्यावर विचार करतो आहे.

९:२५ ते ११:१०, किल्ला. तिने बुरुजावरून सगळ्या खिडक्या मोजल्या, एकोणचाळीस. ११:३१, परत. तिघेही कोरडे.

वजनकाट्याबद्दल मी विचारले तेव्हा "बघतो" म्हणालास. "नको" म्हणाला नाहीस, हे मी आईला सांगितले आहे.

राग किती उरला ते कळव. मी चुकीचे धरून चालणार नाही.

हिशेब, तू मागितलास म्हणून:

लॉज, दोन रात्री, आगाऊ: ८००
दीपगृह, रविवारी सकाळी, तिघे: ३०
वस्तुसंग्रहालय, तिघे: १५
मासे: २२०
चहा, बाबांचे दोन धरून: ४८
एकूण खर्च: १,११३
तू उशीखाली ठेवून गेलास, आईला सापडले: ५००
बाकी ६१३ माझ्याकडून, ते पाठवू नकोस.
देणे: दोरवाल्याचे उडीच्या दोराचे ६०, त्याच्याकडे सुटे नव्हते. उद्या देतो.
येणे: लॉजमालकाकडून शनिवारच्या रात्रीचे ४००, कारण ती खोली रिकामी होती. तो म्हणतो, "पाहुणा स्वतःच्या घरी झोपायला गेला, त्यात लॉजचा काय दोष?" दोष नाही. सोडून दिले.